अकरा वाजताचं पाणी

शनिवारी सकाळी तलावाच्या काठाला मेलेले मासे लागले आणि सोमवारी सरकारनं माझ्या सख्ख्या भावाचं जाळं सील केलं. मधल्या रविवारी मी दुपारपर्यंत ताणून दिली होती, कारण माझ्या मते माझं काम चोख झालं होतं. शनिवारी सुट्टी असूनही मी जीप काढायला लावली, तलावावर जाऊन बाटल्या भरल्या, प्रयोगशाळेत तपासल्या आणि संध्याकाळच्या आत अहवालावर सही करून पाठवूनही दिला. पाण्यात प्राणवायू लिटरला नऊ पूर्णांक आठ मिलिग्रॅम. माशाला पाच पुरतो. पाण्यात दोष नाही.

पाण्यात दोष नाही म्हटल्यावर तो माणसात शोधायचा, हे ओघानंच आलं. मासे मेले त्या खडकाजवळच्या वळणात सगळ्यांत आधी कोणाची होडी होती? दादाची. तलावाच्या राखणदारानं त्याला कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मेलेले मासे टोपलीत भरताना पाहिलं. दादा सांगत होता, कुजून पाणी नासेल म्हणून काढतोय. पंचनाम्यात मात्र उतरलं, ‘विष घालून मासे मारले व गोळा करताना आढळला.’ मासे तपासायला दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेले, तिथून उत्तर यायला दोन महिने. दादाची सुनावणी दहा दिवसांवर. परवाना कायमचा रद्द होणार, हे शिपायापासून सगळे बोलत होते. पुरावा म्हणून पंचनाम्याला माझा अहवाल जोडला होता.

मी सरकारी पाणी संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ आहे. केंद्र म्हणजे तीन खोल्या, एक व्हरांडा आणि एक जीप. थंड हवेचं यंत्र एकच, तेही रसायनांच्या खोलीत. माणसं घामाघूम झाली तरी चालतील, रसायनं तापता कामा नयेत. सगळं शहर या तलावाचं पाणी पितं, म्हणून नऊ वर्षं दर बुधवारी मी तलावावर जाऊन बाटल्या भरते. काठावरचे लोक मला बाटलीबाई म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. बाटली स्वच्छ, आकडा खरा आणि सही वेळेवर, एवढ्यावर मी नऊ वर्षं मान ताठ ठेवून चालले होते.

बुधवारी वहिनी केंद्रात आली. ती कधी येत नाही. दारातच उभी राहिली, चपला काढाव्यात की नाही ते तिला कळेना.

“ये ना आत, वहिनी.”

“नको. फरशी ओली आहे तुझी.”

मी स्टूल पुढे केलं. ती बसली, पण टेकली नाही. उन्हात चालत आल्यानं चेहरा लाल झाला होता. मी बीकरमधून पाणी द्यायला गेले, तिनं हातानंच नको म्हटलं.

“दादा कसा आहे?”

“आहे. जेवतो, झोपतो, भिंतीकडे बघतो. तुझं नाव घेतलं की उठून बाहेर जातो.”



“काल नळावर गेले होते,” वहिनी म्हणाली. “माझा नंबर आला तर मागच्या बाईनं आपली घागर झाकून घेतली. फडकं टाकून. मी काय तिच्या घागरीत थुंकणार होते? बाजारात मासेवाली म्हणाली, तुमच्या घरचा माल यापुढे नको गं बाई, गिऱ्हाईक विचारतं. वीस वर्षं मी तिला माल देतेय.”

“वहिनी, माझ्या हातात काय आहे? मी आकडा लिहिला. जो आला तो लिहिला.”

“मग तुझा आकडा खोटा आहे.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. माझा आकडा आणि खोटा! मी कपाट उघडलं, एकामागून एक रजिस्टरं काढून टेबलावर आपटली. “हे बघ. नऊ वर्षं. नऊ, साडेनऊ, दहा. एकदासुद्धा पाचच्या खाली नाही. मग मासे पाण्यानं कसे मरतील?”

वहिनीनं रजिस्टरांकडे पाहिलंही नाही. “ते मला ठाऊक नाही. तो पहाटे जातो, आणि गेल्या दोन उन्हाळ्यांत रोज सांगतो, मासे तोंड वर काढून पाण्याबाहेरची हवा खात असतात. शेकड्यानं. उजाडलं की खाली जातात. तू कधी पाहिलं नाहीस?”

“नाही.”

“कसं पाहशील? तू कधी पहाटे आलीस?”

मी वेळ शोधायला खाली पाहिलं. हातात रजिस्टर होतं. पान उघडलं होतं. तारीख, ठिकाण क्रमांक, खोली, तापमान, प्राणवायू, सही. वेळेचा रकानाच नव्हता. छापील फॉर्मवर कोणाला तो सुचलाच नव्हता, आणि नऊ वर्षं मलाही त्याची उणीव भासली नव्हती.

“वहिनी, थांब. इथंच थांब. उठू नकोस.”

मी धावत व्हरांड्यात गेले. ड्रायव्हरकाका जीपच्या सावलीत बसून फडक्यानं आरसा पुसत होते.

“काका, तुमची लॉगबुकं कुठं आहेत? जुनी सगळी?”

“का? काही तक्रार आली का?”

“नाही हो. द्या ना पटकन.”

सीटखालच्या पेटीतून त्यांनी ती काढली. नीट, दोरी बांधलेली. ड्रायव्हरकाकांना आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि ती गोष्ट लॉगबुकात दर बुधवारी लिहिलेली होती. कार्यालयातून निघालो, दहा. तलावावर पोहोचलो, दहा पंचेचाळीस. परत निघालो, अकरा चाळीस. मी पानं उलटत गेले. पुढचा बुधवार, त्याच्या पुढचा, मागचं वर्ष, त्याच्या मागचं. दहा पंचेचाळीस. दहा पंचेचाळीस. एकदा दहा पन्नास, समोर शेरा, ‘रस्त्यात गुरं.’ गेल्या शनिवारीही दहा पंचेचाळीस.

मी पानं आणखी भरभर उलटायला लागले. भीतीनं नाही, खोटं कशाला बोलू. आनंदानं.

शेवाळ दिवसा ऊन खातं आणि पाण्यात प्राणवायू सोडतं. रात्री ऊन नसतं, मग तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढत राहतं. तलावात शेवाळ जास्त झालं की दुपारी चैन आणि पहाटे मरण. हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं आणि पहिली आले होते. आणि त्यानंतर नऊ वर्षं, दर बुधवारी, अकरा वाजता, डोक्यावर लख्ख ऊन घेऊन मी पाण्याला विचारत होते, बाबा रे, बरा आहेस ना? आणि पाणी म्हणत होतं, उत्तम! एवढ्या गरम पाण्यात आठच्या वर प्राणवायू मावत नाही. मला साडेनऊ, दहा मिळत होता आणि मी खूश होते. तो आकडाच बोंब मारून सांगत होता की इथं शेवाळ माजलंय. मी त्याच्याखाली सही करत होते.

“मॅडम, रडताय का हसताय?” काकांनी विचारलं.

“दोन्ही. काका, आपण नऊ वर्षं एकाच वेळेला गेलो.”

“जाणारच. माझी गाडी कधी पाच मिनिटं मागेपुढे नाही.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. “का? त्यात काही चुकलं का?”

मी सांगितलं. काका बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिले. “म्हणजे मी जरा आळशी असतो तर बरं झालं असतं,” ते म्हणाले.

वहिनी स्टुलावर तशीच बसून होती. मी तिला मिठी मारली. ती गडबडली. तिला वाटलं, बाटलीबाईचं डोकं फिरलं.

केंद्राच्या मोठ्या साहेबांचं डोकं मात्र जागेवर होतं. निवृत्तीला त्यांना सात महिने उरले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, घातला.

“शास्त्र बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण तुम्ही सख्ख्या बहीण. उद्या तुम्ही पहाटेचं पाणी आणलंत आणि त्यात प्राणवायू नाही म्हणालात, तर पहिला प्रश्न काय येईल?”

“भावाला पाठीशी घालतेय.”

“आणि दुसरा? नऊ वर्षं काय करत होतात? तो प्रश्न तुमच्यावर थांबायचा नाही, माझ्यावरही येईल. बाटल्या भरायची तीन ठिकाणं मी ठरवली, फॉर्म मी मंजूर केला. तुमची बढतीची फाइल माझ्या टेबलावर आहे, ती मी कोणत्या तोंडानं पुढे पाठवू?”

“मग काय करू?”

“जीप मागू नका. केंद्राच्या नावानं काही करू नका. रजा टाका आणि घरी बसा, असं मी म्हणेन.” त्यांनी रजेचा कोरा अर्ज पुढे सरकवला. “घर कुठलं, ते तुमचं तुम्ही बघा.”

मी रजेचा अर्ज तिथंच खरडला. काचेच्या बुचाच्या बाटल्यांची माझी स्वतःची एक पेटी होती, शिकत असतानाची. ती आणि दोन रसायनांच्या कुप्या घेऊन मी बसनं दादाच्या घरी गेले.

दादा ओसरीवर होता. मला पाहिलं आणि आत गेला. मी आत गेले, तो मागच्या दारानं बाहेर गेला. घर लहान, माणसं तीन. असं किती वेळ फिरणार? शेवटी तो चुलीपाशी वहिनीजवळ बसला आणि तिला म्हणाला, “तिला म्हणावं, पाहुणी आहे तर जेवून घे आणि सकाळच्या बसनं जा.”

“ती इथंच बसलीय,” वहिनी म्हणाली. “तिला कान आहेत.”

“त्याला म्हणावं, मला पहाटे होडी हवी आहे,” मी म्हणाले.

“आता तूही सुरू कर,” वहिनीनं पळी आपटली. “मी काय टपाल आहे?”

तरी टपालाचं काम तीच करत राहिली. होडी वडिलांची, दोघांचीही. तेवढं नाकारता येईना. दादा वल्हवायला तयार झाला, पण बोलणार नाही, या अटीवर. अटही वहिनीमार्फतच कळवली.

त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी पहाटे, दुपारी, पुन्हा संध्याकाळी, असे चार दिवस आम्ही गेलो. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस. तलाव दोन पुरुष उंचीनं खाली गेलेला, काठाच्या चिखलाला भेगा. उतरताना पाय घोट्यापर्यंत रुतायचे आणि काढताना चपला आत राहायच्या. वारा नावाला नाही. पाणी हिरवंगार आणि जड. वल्हं उचललं की त्याच्या पात्यावर हिरवा लेप राहायचा. दादाचा घाम मानेवरून पाठीवर उतरायचा, तो पुसायचा नाही. त्याच्या तळहाताचे घट्टे इतके दिवस जाळं नसल्यानं मऊ पडायला लागले होते आणि वल्ह्यानं आता तिथं फोड येत होते. मी पाहायचे. तो हात फिरवून घ्यायचा.

पहिल्या पहाटे खडकाजवळच्या वळणात आम्ही थांबलो. पूर्वेला नुसतं फटफटलं होतं. आणि मग मला ते दिसलं. पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखी वर्तुळं, आणि पाऊस तर नाही. प्रत्येक वर्तुळात एक तोंड. उघडतंय, मिटतंय, उघडतंय. काठापर्यंत सगळीकडे. बारीक चपचप आवाज येत होता.

मी हात कोपरापर्यंत पाण्यात घालून बाटली भरली. बुडबुडा राहू दिला नाही. दोन्ही रसायनं सोडली, बूच लावलं, बाटली उलटीसुलटी केली. प्राणवायू असेल तर आत तपकिरी गाळ धरतो. जितका प्राणवायू, तितका गडद. आदल्या संध्याकाळी याच जागी काढलेली बाटली चहाच्या चोथ्यासारखी झाली होती.

ही पांढरी राहिली. दुधासारखा पांढरा गाळ हळूहळू खाली बसला. नऊ वर्षांत मी ही पांढरी बाटली पाहिली नव्हती. पुस्तकात वाचली होती.

मी ओरडले. शब्द काय होता आठवत नाही, पण मी होडीत उभी राहून ओरडले आणि होडी एवढी डुलली की दादानं माझा दंड धरून मला खाली बसवलं. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझं हसू जागीच मेलं. त्याच्याभोवती त्याचे मासे गुदमरत होते आणि त्याची बहीण नाचत होती. मला लाज वाटली. पण खरं सांगते, आनंदही गेला नाही. दोन्ही पोटात एकत्र घेऊन मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि तारखेशेजारी पहिल्यांदा वेळ लिहिली.

सुनावणीला मासेमारी खात्याचे अधिकारी होते. लोक त्यांना मासेसाहेब म्हणत. माणूस जाडजूड, तोंडात सतत वेलदोडा, आणि पाण्याची इतकी भीती की तलावाच्या खात्यात असूनही होडीत कधी बसले नव्हते. दादा समोर उभा, वहिनी भिंतीशी. मी पेटी टेबलावर ठेवली.

“या कोण?”

“आरोपीची बहीण, साहेब,” कारकून म्हणाला. हा शब्द ऐकून वहिनीनं मान खाली घातली.

“आणि पाण्यात दोष नाही असा अहवाल दिला तीही मीच,” मी म्हणाले. “तो अहवाल मला मागे घ्यायचा आहे.”

मासेसाहेबांनी वेलदोडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. “भावावर आलं तेव्हा?”

“हो. भावावर आलं तेव्हाच कळलं. आधी कळायला हवं होतं.”

मी सगळं सांगितलं. बाटल्या मांडल्या. दुपारच्या तपकिरी, संध्याकाळच्या त्याहून गडद, पहाटेच्या पांढऱ्या. त्यांनी वाकून पाहिल्या.

“छान. पण या बहिणीच्या बाटल्या. यात काय घातलंत मला काय माहीत?”

“म्हणूनच तुम्ही भरा.”

“मी?”

“उद्या पहाटे. बाटली तुमची, हात तुमचा. मी शिवणारसुद्धा नाही.”

“आणि तुमचे नऊ वर्षांचे आकडे? ते तर सांगतात पाणी उत्तम.”

मी ड्रायव्हरकाकांची लॉगबुकं पुढे केली. ती त्यांनी स्वतः आणून दिली होती, साहेबांना न विचारता. “प्रत्येक आकडा अकरा वाजताचा आहे. मासे पहाटे मरतात. त्या वेळेबद्दल माझे नऊ वर्षांचे आकडे काहीच सांगत नाहीत. हे लिहून घ्या, मी सही करते.”

कारकुनानं लेखणी थांबवली. मासेसाहेबांनी त्याला मान हलवून लिहायला सांगितलं. मी सही केली. नऊ वर्षांची मान त्या कागदावर वाकली, आणि गंमत म्हणजे मला हलकं वाटलं. बाहेर येताना मागं वळून पाहिलं, तर दादा त्या कागदावरची माझी सही वाचत उभा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे वारा सुटला.

इतके दिवस पान हलत नव्हतं आणि नेमका त्याच दिवशी! दार उघडलं आणि गार झोत तोंडावर आला. वारा पाणी ढवळतो, वरची हवा आत मिसळते. पाणी सुधारतं. पाण्याचं भलं होत होतं आणि मी वाऱ्याला शिव्या देत होते.

मासेसाहेब जीपमधून उतरले तेव्हा लाटा काठावर आपटत होत्या. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं. “दुसरी मोठी नाही का?”

“हीच आहे,” वहिनी म्हणाली. “बसा मधोमध. हलू नका म्हणजे झालं.”

त्यांना बसवायला चौघं लागली. राखणदार साक्षीला, दादा वल्ह्यावर, मी पुढे, वहिनी पाणी उपसायला. मासेसाहेब पुढे जाऊ देईनात, म्हणून ठिकाण क्रमांक तीनवर, जिथं मी नऊ वर्षं बाटल्या भरत आले, तिथंच त्यांनी डोळे मिटून हात पाण्यात घातला, बाटली भरली, मी सांगितलं तशी रसायनं सोडली, बूच लावून बाटली हलवली.

तपकिरी.

फिकट होती, पण तपकिरी होती. राखणदार खाकरला. मासेसाहेबांनी बाटली डोळ्यासमोर धरली. “बाई, ही पांढरी म्हणायची का?”

 वाऱ्यानं पाणी ढवळलंय, हे कितीही सांगितलं तरी बाटली तपकिरीच राहणार होती. एका वाऱ्यानं भावाचं आयुष्य उडून चाललं होतं.

“धाकटे.”

दादा बोलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, थेट माझ्याशी.

“मासे इथं मेले नाहीत, धाकटे. इथं कशाला बघतेस? वारा पश्चिमेचा आहे. खडकाच्या आड पाणी हलत नाही.”

मी मासेसाहेबांकडे वळले. “साहेब, पंचनामा काढा. मासे कुठं मेले लिहिलंय?”

त्यांनी खिशातून कागद काढला, वाऱ्यात दोन्ही हातांनी धरून वाचला. “खडकाजवळील वळणात.”

“मग तिथं बघायला हवं की नको?”

ते काही बोलायच्या आत दादानं होडी वळवली. लाटा अंगावर यायला लागल्या. मासेसाहेबांनी वेलदोडा गिळला आणि राखणदाराचा हात घट्ट पकडला. उजाडायला थोडाच वेळ होता. ऊन पडलं की शेवाळ कामाला लागणार. “लवकर, दादा, लवकर!” मी ओरडत होते आणि तो सगळं अंग मागं टाकून वल्हं ओढत होता. फोड फुटून वल्ह्यावर लाल ठसे उमटले. वहिनीनं डबा टाकून दुसरं वल्हं धरलं.

खडकाला वळसा घातला आणि वारा कोणी दार लावून घ्यावं तसा थांबला. हिरवं, गुळगुळीत पाणी. आणि सगळीकडे तोंडं. चपचप, चपचप. एक मोठा मासा होडीला घासून आडवा झाला, कल्ले उघडत मिटत, पळण्याचंही त्राण नाही. मासेसाहेबांनी आपण होऊन हात खाली घातला आणि त्याला शिवले. तो हलला नाही.

“अरे देवा,” ते हळूच म्हणाले. “हे रोज?”

“दोन उन्हाळे,” दादा म्हणाला.

बाटली भरताना त्यांनी डोळे मिटले नाहीत. रसायनं, बूच, उलटी, सुलटी. मग ती त्यांनी उजेडाकडे धरली आणि आम्ही पाचही जण बघत राहिलो. पांढरी. शुभ्र पांढरी. राखणदारानंच आधी तोंड उघडलं, “नाहीच की काही यात!” वहिनी खदाखदा हसत सुटली, हसता हसता तिला रडू फुटलं. मी या वेळी उभी राहिले नाही, पण मासेसाहेबांचा जाडजूड हात दोन्ही हातांनी दाबला.

काठावर जीपच्या टपावर कागद ठेवून त्यांनी तिथंच आदेश लिहिला. आरोप रद्द. जाळं परत. राखणदार जाळं घेऊन आला, सील तोडलं, दादानं ते होडीत टाकलं आणि पोचपावतीवर सही केली. पेनावरही थोडं रक्त लागलं. मग मासेसाहेब माझ्याकडे वळले.

“आता तुम्ही बहीण नाही. पाण्याच्या शास्त्रज्ञ म्हणून बोला. यावर उपाय काय? मला आज वर कळवायचंय.”

उत्तर मला चार दिवसांपासून ठाऊक होतं. रात्री अंथरुणावर पडून मी ते टाळत होते. वहिनी जाळ्याच्या गाठी चाचपत होती, तिचा चेहरा उजळला होता.

“शहराचा नाला वरच्या अंगानं तलावात येतो. त्याच्यावर शेवाळ पोसतंय. तो अडवून पाणी शुद्ध केल्याशिवाय सोडायचं नाही. आणि तोवर,” मी जाळ्याकडे पाहिलं, “तोवर मासेमारी बंद. सगळ्यांची. उरलेत तेवढे मासे जगले पाहिजेत, शेवाळ खाणारे तेच आहेत.”

वहिनीचे हात गाठीवरच थांबले. मासेसाहेबांनी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “नक्की? तुमच्या भावाचं जाळं आत्ता सुटलंय.”

“नक्की. लिहा.”

“किती दिवस?” दादानं विचारलं. मलाच विचारलं.

“नाला लवकर अडला तर एक हंगाम. नाही तर दोन. दादा, मला दुसरं काही—”

“सांग ना मग, थांबलीस कशाला?” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, पण रागानं नव्हे. लहानपणी पोहायला शिकवताना असाच ओरडायचा. “मी दोन उन्हाळे सांगतोय, पाणी मरतंय म्हणून. आता तू ऐकलंस, तर मी जाळं टाकत बसू? हमाली करीन, विटा उचलीन. विषवाला तर नाही ना म्हणणार कोणी?” मग वहिनीकडे वळून, “काय गं?”

वहिनीनं नाक पुसलं. “मला काय विचारतोस? मी टपाल.” आणि मग मला, “तो नाला कुठून कुठून येतो, ते तरी ठाऊक आहे का बाटलीबाईला?”

“नाही,” मी म्हणाले. “पण बाटल्या उरल्यात सात.”

“ऊन चढायच्या आत नाल्याच्या तोंडापर्यंत पोहोचू,” दादा म्हणाला. त्यानं हाताला फडकं गुंडाळलं, होडीत टाकलेलं जाळं दोन्ही हातांनी उचलून काठावरच्या कोरड्या जागी ठेवलं आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत बाटल्यांची पेटी ठेवायला मला खूण केली.